सहाशे चाळिसावा तास

"थांबा, अजून चालू करू नका," असं म्हणत कानसेन गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. त्यांना बरं वाटलं. जुनी गाडी विकणारे बहुतेक लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात. गार इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलून जातं, ते नंतर कितीही विचारलं तरी बोलत नाही.

"मुद्दामच नाही लावली," गाडीवाला म्हणाला. "तुम्ही फोनवर बजावलं होतंत ना."

पस्तिशीचा माणूस. दाढीत दोनचार पांढरे केस, डावा पाय जरा ओढत चालणारा. इमारतीच्या तळाशी, जिन्याखालच्या जागेत त्याची लाल स्पोर्ट्स बाईक उभी होती. हँडल खाली, सीटचा मागचा भाग वर. अकरा वर्षांची म्हणून सांगितली नसती तर कुणी चार वर्षांचीही धरली नसती.

"विकताय कशाला मग एवढी जपलेली?"

"बाबांना जिना चढवत नाही. तळमजल्यावर घर मिळालंय, तिथं गाडी लावायला जागा नाही. लावू आता?"

"लावा."

पहिल्याच बटणाला इंजिन लागलं. कानसेनांनी डोळे मिटून उजवा कान खाली केला. चेन थोडी कुरकुरली, पण तिच्या वयाला शोभेल इतकीच. व्हॉल्व्हचा आवाज बारीक आणि एकसारखा. मग दहा मिनिटं दोघं थांबले, इंजिन गार करणारा पंखा सुरू होईपर्यंत. इंजिन चांगलं तापल्यावर कानसेन म्हणाले, "आता वेग वाढवा. आणि एकदम सोडा."

ते ज्याच्या शोधात होते तो आवाज इथं यायला हवा होता. वेग उतरताना, खोलातून, बंद दारावर कुणीतरी बोटाच्या पेराने टकटक करावी तसा. तीनदा सोडून बघितलं. आला नाही.

कानसेन हे नाव त्यांना कारखान्यात पडलं होतं. गाडीचं इंजिन जाड काचेमागे लोखंडी बाकावर जखडायचं आणि हजार तास अखंड पळवायचं, अशी ती चाचणीची खोली. तिथं त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. दर तासाला तेलाचा दाब, उष्णता आणि आवाज वहीत लिहायचा. बाकीचे काट्यांवर नजर ठेवायचे. हे काच उघडून नुसते उभे राहायचे आणि काटा हलायच्या आधी सांगायचे, कुठे काय बिघडतंय ते. "याला गाता येत नाही, पण ऐकता येतं," असं कुणीतरी म्हणालं आणि खरं नाव मागे पडलं.

निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं ते दर रविवारी जाहिराती बघून जुन्या गाड्या पाहायला जात. एकाच मॉडेलच्या. घ्यायची कधीच नाही.

"लोकांचे नवरे बागेत जाऊन बसतात," बायको म्हणायची. "आमचे परक्यांच्या गाड्यांना कान लावत हिंडतात. साठी उलटली! एकदाची घेऊन तरी टाका, म्हणजे मी मागे बसायला मोकळी."

ते हसून वेळ मारून नेत. तिला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

याच मॉडेलचं इंजिन बारा वर्षांपूर्वी त्यांच्या बाकावर होतं. सहाशे चाळिसाव्या तासाला त्यांना ती टकटक ऐकू आली. काटे सगळे जागेवर होते. त्यांनी वहीत लिहिलं: कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल कमी पोहोचतंय, बहुधा तेलाचं भोक आतून नीट साफ झालेलं नाही, थांबवून उघडावं. साहेब आले, त्यांनी ते पान वाचलं. "एका इंजिनासाठी सगळी लाइन थांबवू?" म्हणाले. पान फाडलं गेलं. बाकावर त्याच दिवशी दुसरं इंजिन चढलं, त्याला आधीच्या इंजिनाचाच नंबर लागला, आणि सहाशे एकेचाळिसाव्या तासापासून पुढे कानसेनांनीच लिहिलं. हजाराव्या तासाला सहीही त्यांचीच. वर्षभरात कारखान्याने ते भोक पाडणारं मशीन गुपचूप बदललं. आधी बाहेर पडलेल्या लॉटबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यांनीही नाही.

तेव्हापासून तो आवाज त्यांच्या घरी येऊन राहिला होता. छताच्या पंख्यात, शेजारणीच्या शिलाई मशीनमध्ये, उशीवर कान टेकला की स्वतःच्या नाडीत. एकदा जेवता जेवता ते ताट सोडून उठले होते आणि घरभर फिरले होते. "नळ गळतोय," म्हणाले. नळ कोरडा होता.

त्या लॉटमधली सात इंजिनं त्यांना आतापर्यंत सापडली होती. दोन इंजिनांत ती टकटक होती. एका मालकाने त्यांचं ऐकून बेअरिंग बदललं. दुसरा म्हणाला, "काका, भाव पाडायचा असेल तर सरळ पाडा, उगाच घाबरवू नका," आणि फाटक लावून घेतलं.

आताही त्यांनी चष्मा सरकवून इंजिनाचा नंबर वाचला. त्याच लॉटमधलं. मग हे इतकं शांत कसं?

"बंद करा जरा," ते म्हणाले. त्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढली आणि जवळजवळ आडवे होऊन इंजिनाच्या पोटाखाली बघितलं. तिथं धातूवर एक वळ होता. कुणीतरी फार जपून घातलेला वेल्डिंगचा टाका, वीतभर लांब. तो बरोबर आतला रॉड फिरतो त्या जागी होता.

"हे कधी फुटलं?" त्यांनी खालूनच विचारलं.

"जाहिरातीत लिहिलंय मी, इंजिन एकदा उघडलंय म्हणून."

"उघडलेलं नाही हे. फुटलंय. आतून रॉड बाहेर आलाय."

तापलेलं इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं.

"हो," तो म्हणाला. "घेतली त्याच वर्षी. नऊ हजार किलोमीटर झाले होते. मोठ्या रस्त्यावर होतो, वेगात. मागचं चाक एकदम जाम झालं." त्याने फडक्याने टाकी पुसली, तिच्यावर काही नव्हतं. "मागे धाकटी बसली होती. बहीण. तिला हॉस्टेलला सोडायला चाललो होतो. माझं पायावर निभावलं. ती जागच्या जागी गेली."

कानसेन उठून बसले.

"चूक माझीच. तेल बघितलं नव्हतं. मेकॅनिकने इंजिन उघडलं तर आत थेंब नाही. नवी गाडी, कोण बघतं रोज? बाबा एकदाच बोलले, 'तेल बघितलं असतंस तर.' त्यानंतर आजवर विषय नाही." तो इंजिनाच्या बाजूची, तेल किती आहे ते दाखवणारी गोल काच अंगठ्याने पुसत होता. "पुढे दोन वर्षं खपून मीच जुळवलं सगळं. आता रोज सकाळी बघतो. गाडी काढायची असो, नसो. तेवढं विचाराल तर तेलाची हयगय नाही झालेली, काका."

"तेल होतं," कानसेन म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशीही तेल होतं इंजिनात. आधी रॉड तुटला, त्याने इंजिनाचं कवच फोडलं, मग तेल रस्त्यावर सांडलं. मेकॅनिकला मिळणार कुठून?"

"तुम्हाला काय माहीत?"

आजवर अशा वेळी ते 'अनुभव आहे' म्हणून मोकळे झाले होते. आताही शब्द तोंडाशी आला. समोर तो अंगठा त्या काचेवरून अजून फिरत होता.

"कारण हे इंजिन बाद व्हायला पाहिजे होतं. हा सगळा लॉट. मला कळलं होतं आणि मी पास केलं."

गाडीवाला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. "पुन्हा सांगा," म्हणाला. कानसेनांनी पुन्हा सांगितलं. खोली, टकटक, फाडलेलं पान, सही. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. त्यांना वाटलं, आता हा उठेल आणि मारेल. मारलं तर बरं होईल असंही वाटलं.

तो उठला तो कठड्याला धरून. "वर चला."

"मी?"

"मला सांगून काय होणार? बाबांना सांगा. आत्ता सांगितलंत तसंच."

दोन जिने. पुढे तो पाय ओढत, मागे हे. घरात दोरीने बांधलेली खोकी भिंतीला लावून ठेवली होती. खिडकीशी अरुंद पलंगावर म्हातारा उशांना टेकून बसला होता. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला, नजर मात्र धारदार. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता, हे जिन्यातच मुलाने सांगितलं होतं.

"गिऱ्हाईक का?" म्हाताऱ्याने विचारलं. "पसंत पडली?"

"बाबा, यांना तुम्हाला काही सांगायचंय."

कानसेनांनी उभ्यानेच सांगितलं. बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि बसायचा धीरही नव्हता. सगळं संपल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "म्हणजे तुम्हाला दिसलं होतं."

"ऐकू आलं होतं."

"तेच ते. मी चाळीस वर्षं चुका शोधल्या. हातून निसटल्याही. नजरचूक काय असते मला ठाऊक आहे. ही नजरचूक नाही."

"नाही."

"नोकरी जाईल म्हणून भ्यालात?"

हो म्हणणं सोपं होतं. बारा वर्षं ते स्वतःला हेच सांगत आले होते.

"तेवढंही नाही," ते म्हणाले. "शिफ्ट संपत आली होती. वाद घालत बसलो असतो तर उशीर झाला असता. घरी जायचं होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ओढलं. म्हातारा मुलाकडे वळला.

"तेल कमी झालं की लागणारा दिवा असतो ना गाडीला? लागला होता?"

"नाही."

"नक्की?"

"नव्हता लागला, बाबा. पडेपर्यंत नव्हता."

"कधी बोलला नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

म्हाताऱ्याने चांगल्या हाताने हनुवटी पुसल्यासारखी केली.

"मी लिहून देतो," कानसेन म्हणाले. "कुठेही येऊन सांगतो. पोलिसांत म्हणा, कोर्टात म्हणा. माझं नाव..."

"नको." म्हाताऱ्याने हात वर केला. "लिहून द्यायचं ते याच्याजवळ द्या, याला काय करायचं ते हा करील. माझ्यासमोर नाव घेऊ नका. नाव कळलं की माणूस घरात राहायला येतो. आमच्याकडे जागा नाही."

कानसेनांनी मान हलवली. गाडीवाल्याने एका खोक्यातून जुनी वही काढली, कोरं पान फाडून दिलं. त्यांनी दाराशी उभं राहून, भिंतीवर कागद धरून लिहिलं. तारीख, बाकाचा क्रमांक, तास, काय ऐकलं, काय केलं. खाली पूर्ण नाव आणि पत्ता. मुलाने तो कागद वाचला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. धन्यवाद म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही.

ते चपला शोधू लागले. एक दाराआड गेली होती. ती पायाने ओढून घेताना त्यांनी सहज आत बघितलं.

म्हातारा पलंगावर सरकत होता. चांगल्या हाताने पलंगाची कड धरून, निर्जीव अंग ओढत, भिंतीकडे, एक एक बोट. मुलगा मदतीला पुढे झाला तर त्याने मान झटकून नको म्हटलं. त्याला धाप लागली. शेवटी एका माणसापुरती जागा झाली, तिच्यावरच्या चादरीवरून त्याने हात फिरवला आणि मुलाकडे न बघता म्हणाला, "उभा किती राहशील? पाय दुखेल. बस."

कानसेनांनी दार बाहेरून ओढून घेतलं, कडीचा आवाज होणार नाही अशा बेताने, आणि ते जिना उतरू लागले.