मधल्या खुर्चीचं तेज

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी दोनशे माणसं बसली होती आणि पन्नासएक जिन्यात लटकली होती. समोर भिंतभर पांढराशुभ्र पडदा, पडद्यामागे झगझगीत दिवे, पडद्यापुढे मधोमध एक खुर्ची. खुर्चीत एक बस ड्रायव्हर छाती काढून बसला होता. फोटोग्राफरने बटण दाबलं आणि बाजूच्या मोठ्या स्क्रीनवर ड्रायव्हरचा चेहरा उमटला. त्याच्या डोक्याभोवती प्रकाशाचं गोल, मऊ कडं होतं.

सगळ्या हॉलने एकदम श्वास आत घेतला. मग टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत कुणीतरी रडायला लागलं.

"मी काही केलं नाही हं," तेजगुरू हसत म्हणाले. पांढरा सूट, पांढरे बूट, आवाज लोण्यासारखा. "तेज तुमच्यातच असतं. मी फक्त झाकण उघडतो. आता या देहात ऊर्जा खेळती झाली. रक्तदाब, साखर, सांधे, सगळ्यांना सूचना गेली!"

सूचना कुणी पाठवली आणि सांध्यांनी ती कशी वाचली, हे कुणी विचारलं नाही.

पुढची बाई आली. गुरूंनी तिचा खांदा धरून तिला खुर्चीच्या जरा डावीकडे उभं केलं. फोटो निघाला. कडं नाही.

"अडथळा आहे," गुरू हळहळले. "जुना आहे. अजून पाच बैठका कराव्या लागतील."

बाई तोंडाला पदर लावून खाली उतरली. रांगेतल्या बाकीच्यांनी घाबरून आपापली कॉलर नीट केली, जणू अडथळा तिथेच अडकला होता.

कॅमेऱ्यामागे उभा होता तो फोटोग्राफर या गोष्टीचा नायक. नायक म्हणायचं ते दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. ही हकीकत आता तो स्वतःच सगळ्यांना सांगतो आणि सांगताना स्वतःला कसलीही सवलत देत नाही. वय चोपन्न, पासपोर्टच्या फोटोंवर चालणारा स्टुडिओ आणि गल्लीत 'बुद्धिवादी' म्हणून दरारा. शेजारच्या शिंप्याने दाराला घोड्याची नाल ठोकली, तेव्हा याने त्याला पाऊण तास विज्ञान ऐकवलं होतं. शिंपी तेवढ्यात दोन पँटी शिवून मोकळा झाला होता.

अशा माणसाचं डोकं फिरलं कसं? एका लेन्सपायी.

त्याच्या उस्तादांनी जाताना त्याला आपली जुनी लेन्स दिली होती. रीळवाल्या कॅमेऱ्याच्या जमान्यातली, जड, चेहऱ्याची कातडी जिवंत दाखवणारी. पण नव्या डिजिटल कॅमेऱ्याला ती बसेना. मागची कडी मोठी, खाचा वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे जुना कॅमेरा पोटाने खोल होता. त्यामुळे नव्या कॅमेऱ्यावर लेन्स थोडी पुढे उभी करावी लागणार होती. दुसरा कुणी असता तर बाजारातून नवी लेन्स घेऊन गप्प बसला असता. याने नळदुरुस्तीवाल्याकडून पितळी नळीचा तुकडा आणला आणि कानस घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर ठाण मांडलं.

नळी हवी त्यापेक्षा केसभर जरी लांब राहिली, तरी दूरचं काही स्पष्ट दिसत नाही. म्हणून तो दोनदा घासायचा, एकदा लावून बघायचा, पुन्हा काढायचा. असे तीन आठवडे गेले. पितळेचा चुरा मिठाच्या बरणीपर्यंत पोचला. बायकोने तीन दिवस अबोला धरला. शेवटी नळीच्या एका टोकाला लेन्स बसली, दुसऱ्या टोकाला त्याने नव्या कॅमेऱ्याच्या खाचांची कडी तीन स्क्रूंनी आवळली, आणि जोडणी 'खट्' आवाज करून बसली. आनंदाच्या भरात त्याने नळी पॉलिशने चमकवायला घेतली. बाहेरून चमकवली, आतूनही चमकवली. आरसाच जणू.

"आतून कशाला?" बायकोने अबोला मोडून विचारलं. "आत कोण बघणार आहे?"

"काम म्हणजे काम," तो रुबाबात म्हणाला.

महिनाभराने तेजगुरू स्टुडिओत जाहिरातीसाठी फोटो काढायला आले. पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढायचा त्यांचा हट्ट होता. फोटो निघाला, तर डोक्याभोवती कडं! फोटोग्राफरच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: "सॉरी, लेन्समध्ये काहीतरी गडबड आहे. पुसतो आणि दुसरा काढतो."

हे नीट लक्षात घ्या. त्याला कळलं होतं. दहा-बारा सेकंद का होईना, तो शहाणा होता.

"पुसू नका," गुरू हळूच म्हणाले. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "या हातांमध्ये काहीतरी आहे. इतक्या वर्षांत तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

तीस वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं. लोकांनी सांगितलं होतं ते एवढंच, की कान दिसू देत, सरकारी फॉर्मवर कान लागतात. आपल्या हातांमध्ये काहीतरी आहे, हे ऐकायला तो तीस वर्षं आसुसला होता. पुढच्या रविवारपासून तो कॅमेरा घेऊन हॉलमध्ये हजर. लोक त्याला 'सर' म्हणायला लागले. शिंप्यानेही विचारलं, "सर, माझं तेज कधी?" यावर याने फक्त एक विजयी कटाक्ष टाकला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याला एक मोठी बहीण होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, त्याला अजून 'बाळ्या' म्हणणारी. तिला काचबिंदू होता. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मिटत जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे, एवढाच उपाय. ताई सहा वर्षं न चुकता थेंब घालत होती.

भावाने तिला हौसेने हॉलमध्ये नेलं. गुरूंनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं. कडं असं उमटलं की तिला स्वतःलाच हुंदका आला.

"आत प्रकाश गेला," गुरू म्हणाले. "आता बाहेरून काही घालायची गरज नाही."

"बाळ्या, खरंच?" ताईने विचारलं.

आणि बुद्धिवादी फोटोग्राफर म्हणाला, "फोटो समोर आहे ना ताई. कॅमेरा कधी खोटं बोलतो का?"

हे वाक्य तो आजही गाळत नाही.

दोन महिन्यांनी ताईचा डावा खांदा दारांच्या चौकटींवर आपटायला लागला. मग एकदा ती रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली सायकल तिला दिसलीच नाही. गुडघे फुटले, बाकी थोडक्यात निभावलं. फोटोग्राफर तिला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर चाळिशीच्या, तुटक बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला आणि खुर्ची मागे सारली.

"थेंब कधी बंद केले?"

ताईने उत्तर म्हणून पर्समधून फोटो काढून पुढे ठेवला. "हे बघा. तेज आलंय."

डॉक्टर चिडतील असं त्याला वाटलं. पण त्या फोटो दिव्याखाली धरून बघत राहिल्या.

"हा तुम्ही काढलात? हे कडं फोटोच्या कुठल्या भागात येतं?"

"डोक्याभोवती," तो म्हणाला.

"ते मला दिसतंय. मी फोटोच्या कुठल्या भागात असं विचारलं. वर, खाली, कडेला?"

"मध्ये. बरोबर मध्ये."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"आणि ज्यांना कडं येत नाही, ती माणसं?"

"त्यांच्यात अडथळा असतो. ती जराशी बाजूला उभी अस..."

वाक्य तिथेच थांबलं. त्याने फोटो स्वतःकडे ओढला.

"माझ्या तपासणीच्या यंत्रात मागे असाच एक गोळा दिसायचा," डॉक्टर म्हणाल्या. "आतल्या नळीचा काळा रंग उडाला होता. घरी जा. माणसाच्या जागी दुसरं काहीतरी ठेवून बघा. आणि ताई, तुम्ही आत्ता माझ्यासमोर थेंब घालायचे."

स्टुडिओत पोचल्यावर त्याने पांढरा पडदा सोडला, मागचे दिवे लावले आणि पडद्यापुढच्या स्टुलावर फरशी पुसायची बादली ठेवली. बटण दाबलं. स्क्रीनवर बादली आली, आणि तिच्याभोवती कडं. तेजस्वी, शांत, सर्व विकारांतून मुक्त झालेली बादली.

त्याने लेन्स काढून मागून आत पाहिलं. पितळी नळी आतून लखलखत होती. एवढ्या मोठ्या उजळ पडद्याचा प्रकाश लेन्समधून आत यायचा. चित्रापुरता सरळ मागे जायचा, उरलेला नळीच्या भिंतीवर आपटायचा आणि तिथून परतून चित्राच्या मध्यावर गोल कडं होऊन पडायचा. मध्ये काही नसेल, तर पांढऱ्या पडद्यावर ते पांढरं कडं कुणाला दिसायचं नाही. त्याने फोटोपेपरच्या पाकिटातला काळा कागद गोल गुंडाळून नळीच्या आत बसवला आणि पुन्हा बादलीचा फोटो काढला. नुसती बादली आली. कडं गायब.

बायको दारात उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आतून कशाला, असं विचारलं होतं मी."

तो तसाच उठून गुरूंकडे गेला. भाबडेपणा इतका, की गुरूंना हे ऐकून धक्का बसेल असं त्याला वाटत होतं. गुरू नखं कापत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्हाला आज कळलं?" ते म्हणाले. "मला दुसऱ्याच रविवारी कळलं. मी आधी पाण्याचे फिल्टर विकायचो. गिऱ्हाईक कुठे उभं राहतं, याकडे माझं पहिलं लक्ष जातं. मध्ये बसवलं की तेज, दोन पावलं सरकवलं की अडथळा. कुणाला आज खूश करायचं आणि कुणाला पुन्हा बोलवायचं, ते मी ठरवतो. पण फोटो तुमचे. लोकांना काय सांगणार आहात? सरच येडे निघाले म्हणून?"

रात्रभर तो हाच प्रश्न चघळत राहिला. खरं सांगायचं तर गप्प बसायचा मोह त्याला अगदी सकाळपर्यंत होता. सकाळी तो ताईकडे गेला. ती कपात चहा ओतत होती, आणि कपाच्या डावीकडे टेबलावर सांडलेला चहा तिला दिसत नव्हता. त्याने फडकं घेऊन तो पुसला आणि ठरवलं.

रविवारी तो ताईला सोबत घेऊन गेला आणि त्याने हॉलमध्ये कॅमेरा लावला. गुरूंनी बोलायला तोंड उघडायच्या आत त्याने खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि तिथे स्टुलावर बादली मांडली.

"आज पहिला फोटो हिचा," तो म्हणाला.

स्क्रीनवर कडं उमटलं. मागून खिदळण्याचा आवाज आला.

गुरू जराही गडबडले नाहीत. "वस्तूंमध्येही चैतन्य असतंच!"

"मग आता तुम्ही बादलीच्या डाव्या हाताला उभे राहा."

"तेजाला जागा बदलायला सांगायची नसते."

"मी बदलते," म्हणत ताई उठली. डाव्या बाजूने एक खुर्ची धडकवत ती पुढे आली आणि बादलीशेजारी उभी राहिली. फोटोत बादली तेजस्वी आणि ताई साधीसुधी. मग फोटोग्राफरने नळी काढून सगळ्यांना आतून दाखवली, काळा कागद घातला आणि ताईला बरोबर मध्ये बसवून फोटो काढला. कडं नव्हतं.

"काळा रंग!" गुरू ओरडले. "काळा रंग ऊर्जा खातो! तेज घाबरून मागे गेलं!"

तेव्हा पहिल्या रांगेतला बस ड्रायव्हर उठला. "गुरुजी, वीतभर कागदाला घाबरणारं तेज माझ्या साखरेचं काय वाकडं करणार?"

हॉलमध्ये हशा फुटला. सगळे हसले असं मात्र नाही. काही जण फोटोग्राफरच्या अंगावर धावून आले. एका म्हाताऱ्याने आपला कड्याचा फोटो छातीशी धरला आणि तो कुणाला हात लावू देईना. गुरूंनी गर्दीतून मागचा जिना गाठला. ते पुन्हा त्या हॉलमध्ये दिसले नाहीत. दुसऱ्या कुठल्या गावात ते दुसरं झाकण उघडत असतील.

ताईची डावीकडची गेलेली नजर परत आली नाही. उरलेली टिकून आहे. फोटोग्राफर आता ती लेन्स, पितळी नळी आणि काळा कागद घेऊन शाळांमधून, वाचनालयांमधून हा प्रयोग करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात, मुख्यतः त्याच्यावरच. ते त्याला मान्य आहे. शिंपी एकदा ऐकायला आला होता. त्याने विचारलं, "इतकं साधं होतं, तर नळी स्वतः बनवणाऱ्या माणसाला कळलं कसं नाही?"

"कळलं होतं," फोटोग्राफर म्हणाला. "पण लोक मला सर म्हणत होते. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. फसायला अडाणी असावं लागत नाही हो, खूश असलं की पुरतं. म्हणून एवढंच सांगतो. कुणी तुम्हाला काही अजब दाखवलं, तर हात जोडायच्या आधी ते जरा हलवून बघा. जागा बदला, माणूस बदला, दिवा विझवा. जे खरं असेल त्याचं त्याने काही बिघडत नाही. आणि तुमचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, तुमचा सख्खा भाऊ सांगत असला तरी."