रवंथाला हाक मारायची नाही

दर वर्षी दसऱ्याच्या आधी आखाडा बाळापुरातून पंचवीस-तीस माणसं दीक्षाभूमीला पायी निघत, आणि गाव मागं पडायच्या आत गोजरबाई त्यांना नावं पाडायला लागे. एकेकट्या माणसाला नव्हे, घोळक्यांना. पुढं पळणारी पोरं म्हणजे फुटाणे. प्रत्येक दगडापाशी ‘आता किती राह्यलं’ विचारणारे म्हणजे मोजणी. पांढऱ्या साड्यांतल्या बायांची ओळ ती वेचणी, आणि तळव्याला फोड आलेले चौघं-पाचजण ते पापड. “मोजणी कुठवर आली?” “पापडाच्या मागं!” असं बोलत माणसं बारा दिवसांत नागपूर गाठत. बँकेतला साहेब असो की रोजानं जाणारा, गोजरबाईच्या तोंडातून कुणी सुटला नाही.

झाडाखाली बसून राहणाऱ्यांचं नाव होतं रवंथ. त्याला गोजरबाईनं कायदाही करून ठेवला होता. रवंथाला हाक मारायची नाही. “ढोर रवंथ करून राह्यलं तं त्याला उठवता का? आपलं आपण उठतंय.” पंधरा वर्षांत हा कायदा कुणी मोडला नाही.

यंदा गोजरबाई नव्हती. तिची लेक सपना हिंगोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. ती पहिल्यांदाच रजा काढून आली होती. आई जिवंत असताना दर वर्षी बोलवायची आणि ही दर वर्षी रजा नाही म्हणायची. आता मालनबाईच्या खांद्याला खांदा लावून चालत होती आणि आईचा एकेक शब्द विचारून मोबाइलमध्ये लिहून घेत होती. मालनबाई गोजरबाईची शेजारीण, पंधराही वर्षं तिच्या सोबत चाललेली. दुसरं कुणाला विचारणार पोरगी?

दुसऱ्या दिवशी कळमनुरी मागं टाकली आणि पुसदच्या रस्त्यावर तो लिंब आला. ऊन असं की डोकं भणभणावं. सपना सावलीत टेकली. मालनबाईलाही बसावं लागलं. बाकीचे पुढं गेले.

“मावशी, रवंथ म्हणजे काय व्हो? सकाळपासून सगळे म्हणून राह्यले.”

गेल्या वर्षी याच वाटेवर गोजरबाईला चक्कर आली, माणसं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, एवढंच गावाला ठाऊक होतं. त्याच्या आधीचं फक्त मालनबाईला ठाऊक होतं, आणि वर्षभर ते तिला धड जेवू देत नव्हतं. गिळून टाकलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. पण पोरगी बोट मोबाइलवर ठेवून, आईचा शब्द घ्यायला थांबली होती. तिच्याशी खोटं बोलणं मालनबाईला जमेना.

तिनं शब्द सांगितला, कायदा सांगितला. मग म्हणाली, “तुही माय इथंच बसली होती.”

“इथं?”

“या लिंबाखाली. म्या मागं वळून पाह्यलं. तिनं हात वर केला. मला वाटलं, जा म्हणून राह्यली. म्या हसले न् वरडले, ‘एकटीचा कुठं रवंथ असतो काय गं?’ अन् चालू लागले. तासाभरानं बी आली न्हाई तवा मागं फिरलो. मला जायाला पाहिजे होतं, सपने. हाक तरी मारायला पाहिजे होती. तिचा कायदा म्हणून न्हाई मारली.”

सपनानं मोबाइल पिशवीत टाकला.

“हात कसा वर केला व्हता?”

मालनबाईनं करून दाखवला. अर्धाच, कोपरापासून.

नर्सच्या नोकरीत सपनानं मदत मागणारे तसे हात पाहिले असणार. ती उठली आणि चालू लागली. मालनबाईनं तिला अडवलं नाही. आपण अडवायच्या लायकीचे राहिलो नाही, असं तिला वाटलं. ती तशीच बसून राहिली. उठावं असं काही समोर नव्हतं. पांढऱ्या साड्या लांब जाऊन दिसेनाशा झाल्या. कुणी वळून पाहिलं नाही.

मग रस्त्यावरून सपना परत येताना दिसली. रडून चेहरा सुजला होता. जवळ आली, पण बसली नाही. पाण्याची बाटली तिनं मालनबाईच्या पुढ्यात धरली.

“उठा, मावशी,” ती चिडून म्हणाली. “माह्या मायला कुणी एवढं बी म्हणलं न्हाई.”