स्कारबरोच्या नृत्यवर्गातला फणसाचा ठोकळा

मित्रांनो, नाचाच्या कार्यक्रमात लोक नाचणारीचे डोळे पाहतात, हात पाहतात, दागिने पाहतात. मला कुणी पाहत नाही. मी एक जुना ठोकळा आहे, फणसाच्या लाकडाचा, विटेपेक्षा जरासा मोठा. भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाई मला पुढ्यात ठेवून जमिनीवर बसतात, काठीने माझ्या पाठीवर ताल देतात आणि तोंडाने बोल म्हणतात, ‘तैया तै, तैया तै.’ त्यावर मुलींची पावलं पडतात. एवढंच माझं काम. पण ते मी चाळीस वर्षं केलं आहे, आणि मन लावून केलं आहे.

माझा जन्म जाफन्याजवळच्या एका गावातला. वादळात एक फणस उन्मळून पडला. सुतारानं त्याचा दरवाजा केला आणि उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं, त्याच्या पुतणीसाठी. तिचं नाव पुनितवती. ती तेव्हा नुकती नाच शिकवू लागली होती. पुढे युद्धामुळे त्या घराला कुलूप लागलं आणि ती परदेशी निघाली. एकाच बॅगेत सगळं बसवायचं होतं. आई म्हणाली, लाकडाऐवजी लोकरीचं काहीतरी घे, तिकडे बर्फ पडतो. पुनितवतीनं मला रेशमी साडीत गुंडाळलं आणि आईची नजर चुकवून बॅगेच्या तळाशी ठेवलं. टोरांटोत उतरल्यावर ती थंडीने कुडकुडली, मी मात्र साडीत उबेत होतो.

टोरांटोतल्याच स्कारबरो भागात, घराच्या तळघरात तिचा वर्ग सुरू झाला आणि ती सगळ्यांची ‘टीचर’ झाली. छत इतकं खाली की उंच मुलींनी हात वर केले की बोटं पाइपला लागायची. टीचरनी सिमेंटवर लाकडी फळ्या टाकून घेतल्या. मग काय विचारता, माझा आवाज पार वरच्या स्वयंपाकघरापर्यंत जायचा. दर शनिवारी वीस-पंचवीस मुली यायच्या. त्यांच्या आया मला नमस्कार करून मगच मुलींना रांगेत उभं करायच्या.

त्या आयांमध्ये सेल्वमलर नावाची एक होती. ती पहाटेपासून बेकरीत पाव भाजायची आणि तिथून तडक मुलीला, यालिनीला, घेऊन यायची. मुलगी नाचायची आणि ही जिन्याच्या पायरीवर तिचा कोट मांडीवर घेऊन बसायची. तिचे डोळे मिटलेले असायचे, सगळ्यांना वाटायचं झोपली. पण मोज्यातली तिची बोटं माझ्या तालावर हलत असायची. मी पाहिलंय ना.

सहा वर्षांनी यालिनीनं नाच सोडला. पुढच्या शनिवारी सेल्वमलर एकटीच जिना उतरून आली. टीचरना वाटलं, मुलीचे घुंगरू न्यायला आली असेल.

“यालिनी येणार नाही म्हणते ना? मग तू कशी आलीस?” टीचरनी विचारलं.

“सहा वर्षं बसून सगळं पाठ झालंय, टीचर. आता पायांना शिकवायचंय.”

“सत्तेचाळीस वर्षांची तू. अर्धी बैठक घालून खाली गेलीस तर वर कोण काढणार?”

“तुम्ही तर रोज खालीच बसता की.”

टीचरना हसू आवरलं नाही. त्यांनी तिला सात-सात वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभं केलं. मुली तोंडावर हात ठेवून खिदळल्या. महिनाभरात त्याच तिच्या गुरू झाल्या. एक दात पडलेली चिमुरडी तर दर शनिवारी बजावायची, “आंटी, गुडघे बाहेर.” घरी नवरा म्हणायचा, आता घुंगरू कशाला हवेत, गुडघेच वाजतील. सेल्वमलर हे वर्गात येऊन सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

असे आनंदात दिवस चालले असताना टीचरचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी काठी उचलायची नाही असं सांगितलं. मग ताल फोनमधून येऊ लागला. काठी फडताळावर गेली आणि मी जिन्यापाशी, दार उघडं राहावं म्हणून त्याला टेकवलेला. हिवाळ्यात माझ्यावर ओले बूट ठेवायचे. मित्रांनो, बुटांचा मला राग नाही, त्यांनाही कुठेतरी वाळायचं असतं. पण ताल ऐकू यायचा आणि तो माझ्यातून निघत नसायचा, याचं वाईट वाटायचं.

फोनचा ताल कुणासाठी थांबत नाही. टीचरची काठी थांबायची. कुणाचं पाऊल अडलं की त्या श्वासभर वाट पाहायच्या. आता सेल्वमलर मागे पडू लागली. जूनमध्ये देवळाच्या सभागृहात तिनं एकटीनं नाचायचं ठरलं होतं. दारावर पत्रकही लागलं होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सोळा वर्षांची यालिनी आईला न्यायला आली आणि पायरीवर बसून राहिली. सेल्वमलरचा ताल एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ती मटकन खाली बसली. म्हणाली, माझं नाव काढून टाका, टीचर. माझ्याच्यानं होणार नाही.

यालिनी उठली. तिनं माझ्यावरचे बूट बाजूला केले, बाहीनं मला पुसलं, फडताळावरची काठी घेतली आणि मला घेऊन आईसमोर मांडी घातली. पहिला ठोका पडला. मग दुसरा. सरळ, स्वच्छ ताल. सेल्वमलर मुलीकडे बघतच राहिली आणि बघता बघता उभी राहिली. एका ठिकाणी तिचं पाऊल अडलं, तिथे काठी श्वासभर थांबली. फोन कुणीतरी बंद केला.

नाच संपल्यावर यालिनी खाली बघत टीचरना म्हणाली, “मला नाचायचं नव्हतंच कधी. मी तुमच्या हाताकडे बघायचे. मला हे हवं होतं.”

“मग सहा वर्षं बोलली का नाहीस?” टीचर म्हणाल्या.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

टीचर कशाबशा तिच्याशेजारी बसल्या आणि डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. “हे सैल सोड,” त्या म्हणाल्या. “मार नको त्याला. बोलतं कर.”

मंचावर ताल झांजांवर देतात, माझ्यावर नाही. पण यालिनीचा हात झांजांवर अजून बसला नव्हता. म्हणून जूनमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, मी मंचावर गेलो. सेल्वमलर एकदा चुकली, यालिनीनं तिला अलगद सावरून घेतलं. ते फक्त आम्हा तिघांना कळलं. चित्रीकरणासाठी उभा राहिलेला नवरा बटण दाबायलाच विसरला, आणि त्यावरून घरी महिनाभर बोलणी खात होता.

कार्यक्रमानंतर मला टीचरच्या तळघरात परत आणलं तेव्हा यालिनीला माझ्या पाठीवर भेग दिसली. तिचे डोळे भरून आले. आता याला काचेच्या पेटीत ठेवू या, ती म्हणाली, खूप झालं याचं. टीचरनी मला डाव्या हातानं उचललं आणि पालथं केलं.

“ही बाजू कोरी आहे,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, आणि टाकून देण्याआधी एकदा उलटून बघा.

पुढच्या शनिवारी यालिनीनं माझ्या नव्या बाजूवर पहिला ठोका दिला. आवाज जरा कोवळाच आला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. टीचर म्हणाल्या, थांबा, दोन-चार वर्षांत मुरेल तो.