सलग बारा महिने

नागरिकत्वाच्या अर्जाला काय काय लागतं, ते मला निलमिनीपेक्षा जास्त पाठ झालं होतं. चौदा वर्षांतली अकरा वर्षं इथं काढलेली हवीत, ती काढली होती. इथली एखादी भाषा यायला हवी. श्रीलंकेहून पाली शिकायला आलेली ही पोरगी माझ्या वरच्या खोलीत राहून माझ्यापेक्षा ठसकेबाज मराठी बोलत होती. चांगल्या चारित्र्याचं प्रतिज्ञापत्र दोन भारतीयांनी द्यायचं, त्यातली एक मी, निवृत्त शिक्षिका. राहिलं होतं एवढंच, की अर्जाआधीचे सलग बारा महिने देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. ते रविवारी भरत होते. सोमवारी कलेक्टर ऑफिस गाठायचं.

तोवर धीर निघेना म्हणून ती खुलताबादच्या अलीकडं दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन बसली. तिथं कुणाशी बोलायचं नाही, आणि फोन पहिल्याच दिवशी जमा. घरच्यांना अडीअडचणीला नंबर माझा दिलेला.

बुधवारी तिच्या भावाचा फोन आला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, आई दवाखान्यात आहे, सारखं निलमिनीचं नाव घेते, लगेच पाठवा.

मी बरं म्हणाले आणि कुकर लावला. खरंच, कुकर लावला! चार दिवसांचाच तर प्रश्न होता. आज गेली की बारा महिने पुन्हा पहिल्यापासून. तीस दिवसांपर्यंत सूट मिळू शकते म्हणे, पण द्यायची की नाही ते दिल्लीवाले ठरवणार. मागच्या खेपेला एका शिक्क्यापायी फाइल परत आली, तेव्हा ही पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. ते मी पाहिलं होतं, दिल्लीनं नव्हे.

गुरुवारी मात्र जीव थाऱ्यावर राहीना. खुलताबादची बस धरली, दौलताबादलाच उतरले आणि परत आले. शुक्रवारी भावाचा पुन्हा फोन. निरोप दिलाय, असं सांगून मी फोन ठेवून दिला. घरात या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या. शेजारच्या लीलाबाईला सगळं सांगून टाकलं, तर ती म्हणाली, "तिची माय मरायला टेकली अन् तुम्ही तारखा मोजता व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी तिच्यावर खेकसले. तिला सगळं कळलं होतं, म्हणूनच राग आला.

शनिवारी सकाळी सरळ रिक्षाच केली. शिबिराच्या बाईंनी निलमिनीला बाहेर बोलावून आणलं. पांढऱ्या कपड्यांत, अगदी शांत.

"आईचं बरं नाही गं. दवाखान्यात आहे. तुला जावं लागेल."

"कधी आला फोन, बाई?"

"आत्ता सकाळी."

तीस वर्षं पोरांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं केलं मी. आणि माझ्या तोंडून ते किती सहज निघालं!

तिनं मला मिठी मारली. "अन् तुम्ही लगेच धावत आल्या. बारा महिने गेले तर जाऊ द्या, बाई. पुन्हा भरू. तुम्ही हाय ना माझ्याजवळ, मला नाय काळजी."

तेव्हा तरी बोलायचं! मला मेलीला तेवढंही जमलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

शिबिराच्या बाईंनी तिचा फोन आणून दिला. तिनं तिथंच भावाला लावला. त्यांच्या भाषेतलं मला अक्षर कळत नव्हतं. ती आधी रडली, मग नुसती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता माझ्याकडं बघायला लागली. मग फोन ठेवला.

"आई हाय अजून," ती म्हणाली. "फोन बुधवारी आला होता?"

"व्हय." मी म्हणाले. "तुझ्यासाठीच गं, रविवारपर्यंत म्हणून..."

ती आत जाऊन पिशवी घेऊन आली. मी धरायला हात पुढं केला, तर तिनं ती दुसऱ्या हातात घेतली. रिक्षा गेटवर उभीच होती.

"मी रिक्षा नेते," ती म्हणाली. "तुम्ही बसनं या."