सुपडूची बाटली

सुरतेच्या त्या सरकारी दवाखान्यात हेड कंपाउंडरची जागा निघाली आणि काशीरामने नोटीस तीनदा वाचली. मॅट्रिक पास हवा. तो होता, अमळनेरकडच्या आपल्या वस्तीतला पहिलाच. कंपाउंडरची परीक्षा आणि बारा वर्षांची नोकरी हवी. तीही होती. राज्यं वेगळी झाल्यापासून गुजरातीची परीक्षा लागायची. ती त्याने पंचेचाळिसाव्या वर्षी, शाळकरी पोरांची पुस्तकं गिरवून, दुसऱ्या खेपेला का होईना, पार केली होती. शेवटची अट स्वच्छ कामाची, आणि त्या बाबतीत काशीराम म्हणजे अगदी नाकासमोर चालणारा माणूस. आता फक्त डॉक्टरसाहेबांची शिफारस हवी होती.

जागा त्याला मनापासून हवी होती. बायको अंजनाबाई म्हणायची, "तुमी एक दिन खुर्चीवर बसशात, मी दखसू." दुखरे गुडघे चोळत चोळत म्हणायची. बघायला मात्र ती राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी गेली, आणि उधना रस्त्यावरच्या खोलीत काशीराम एकटा उरला. भाकरी थापायला तो शिकला, पण ती खाताना बोलायचं कुणाशी? दिवसभरात त्याच्या तोंडून जे काही शब्द निघत, ते दवाखान्याच्या खिडकीतून.

ती खिडकी जेमतेम वीतभर. लोक घरून आपापली बाटली आणत. काशीराम तीत औषध ओती आणि कागदाच्या पट्टीला डोसागणिक खाचा कातरून ती बाहेरून डकवी. औषध एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत उतरलं की एक डोस झाला. अक्षरओळख नसलेल्यालाही ते कळे. मागावर काम करणारी खानदेशी माणसं बाटली देता देता घरचंही सांगत, कारण हा बाबा त्यांच्याच बोलीत विचारपूस करी. रांग खोळंबे, मागचे कुरकुरत. काशीरामला त्याचं सोयरसुतक नसे.

दर मंगळवारी रंभाबाई येई. हातात निळसर, फुगीर पोटाची बाटली, तोंडाला चिंधीचा बोळा. तिचा नवरा सुपडू मागावर होता. खोकल्याने बेजार होऊन घरी बसला होता.

"सुपडूभाऊ कसा शे?" काशीराम विचारी.

"खोकला तसाच शे, भाऊ. पन भाकर खातस."

एवढंच बोलणं. पण अंजनाबाईच्या मयताला हीच बाई आली होती, दिवसभर बसली होती. तिच्या बाटलीची पट्टी काशीराम जरा जास्तच निगुतीने कातरी.

नोटीस लागल्यावर आठवड्याने डॉक्टरसाहेबांनी त्याला आत बोलावलं. "काशीरामभाई, चोपडो चोख्खो जोईए," ते म्हणाले. वरून तपासणी येणार होती, नोंदवही चोख हवी होती. जुन्या रोग्यांचे केसपेपर घेऊन घरोघर जायचं, रोगी खरोखर आहे का ते पाहायचं, मगच शिफारस. काशीराम खुशीत निघाला. असल्या कामात त्याचा हात कोण धरणार?

चाळीत सुपडूच्या शेजारी उखा राहायचा. तो दारात तंबाखू मळत होता. काशीरामने सुपडूची खोली विचारली तसा त्याचा हात थांबला.

"सुपडू? त्याले जाईसन तीन महिना व्हई ग्यात."

काशीरामला आधी वाटलं, आपण भलत्याच चाळीत आलो. पण शेजारचं दार उघडं होतं, आणि आत फळीवर निळसर बाटली होती. मंगळवारी भरून दिलेली. आज शुक्रवार, औषध बरोबर शुक्रवारच्या खाचेपर्यंत उतरलेलं. रंभाबाई सकाळ-संध्याकाळ एकेक डोस मोरीत ओतत होती.

आतून दाराशी येत तिने त्याच्या हातातला केसपेपर पाहिला आणि काय ते समजली.

"त्या ग्यात, भाऊ," ती म्हणाली. "पन तुमी इचारतस, सुपडूभाऊ कसा शे. तितला येळ त्या जित्ता ऱ्हातस. दुसरा कोनी इचारत नही."

काशीरामला हे कळलं नाही असं कसं म्हणावं? पुरतं कळलं. त्याच्याइतकं ते कळणारा माणूस उभ्या सुरतेत नसेल. आणि तरीही त्याने खिशातून पेन काढलं, तिच्यादेखत कागदावर 'मयत' लिहिलं, खाली सही केली. वर म्हणाला, "आते येऊ नका, बाई. सरकारी काम शे." हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने बाटली उचलून उरलेलं औषध मोरीत ओतलं, अन् पट्टी नखाने खरवडू लागली.

तपासणी झाली आणि जागा काशीरामला मिळाली. आतली खोली, हाताची खुर्ची, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसला आणि अंजनाबाईची आठवण येऊन त्याचे डोळे भरले. पाहायला तिथे कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते पुसलेही नाहीत.

खिडकीवर मगन आला. सुरतेचाच, चलाख हाताचा. "चालो, आगळ!" म्हणत पुढच्याला बोलवायचा, बस्स. रांग निम्म्या वेळात आटपू लागली आणि डॉक्टरसाहेब खूश झाले. आत काशीराम साठ्याच्या नोंदी लिहीत बसे. भिंतीपलीकडून बाटल्यांचा खडखडाट येई, विचारपूस काही येत नसे. कोणी आत आलंच तर "साहेब" म्हणे, कागद ठेवी आणि निघून जाई. पावसाळा सरला, दिवाळी गेली. कधी कधी दुपारपर्यंत आपण एक शब्दही बोललो नाही हे त्याच्या ध्यानात येई. मग तो उगाचच मगनला हाक मारी आणि काय सांगायचं ते विसरून जाई.

एका मंगळवारी निळसर बाटली दिसते का म्हणून तो तीनदा दाराशी येऊन रांग पाहून गेला. ती दिसणार नव्हतीच. आपणच तर तो दरवाजा बंद केला होता. चार वाजता त्याने किल्ल्या मगनच्या हातात दिल्या आणि नोकरीत पहिल्यांदाच वेळेआधी बाहेर पडला.

रंभाबाई दारात धान्य निवडत होती. त्याला पाहून तिने पदर सावरला, पण ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. माफी कशी मागायची हे काशीरामला ना मराठीत सुचलं, ना परीक्षा दिलेल्या गुजरातीत. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून जुनाच प्रश्न निघाला.

"रंभाबाई, सुपडूभाऊ कसा शे?"

तिचा सुपातला हात थांबला. तिने सूप बाजूला सारलं आणि उंबऱ्याजवळची जागा हाताने झाडली.

"बरा शेतस," ती म्हणाली. "खोकला आते कमी शे." काशीराम खाली बसला, तसं तिने विचारलं, "आन अंजनाबाई कशी शे?"

अंजनाबाई गेल्यापासून हे त्याला कोणीही विचारलं नव्हतं.

"बरी शे," तो म्हणाला. "जरा गुडघा दुखतस."