बाजेखालची शेगडी

मित्रांनो, शेगडीला तोंड असतं, पोट असतं आणि माणसासारखी हवाही लागते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी एक जुनी, तडकलेली शेगडी आहे, म्हणून मी सांगते.

माझा जन्म उल्हासनगरच्या छावणीतला. दुसरी मोठी लढाई संपली, फौज गेली आणि फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली. त्यांतल्या एका कारागिराने फौजेने टाकलेला तेलाचा डबा कापला, आतून चिकणमाती थापली, मधे जाळी बसवली आणि मी तयार झाले. मला घ्यायला कौसाबाई आली, तेव्हा तो म्हणाला, “अम्मा, दस साल इसको कुछ नहीं होगा.”

“मला काही होऊ नये म्हणजे झालं,” कौसाबाई म्हणाली आणि मला डोक्यावर घेऊन अंबरनाथला बुवापाड्यात आली.

तिथे पुढे पडवी आणि मागे एकच खोली. वर पत्रे, भिंती फळ्यांच्या. कौसाबाई, कारखान्यात जाणारा तिचा मुलगा आनंदा आणि सून वेणू, एवढी माणसं. माझ्यावर भाकरी टम्म फुगली की कौसाबाई शेजारच्या इंदुबाईला हाक मारून दाखवायची. ते माझे सुखाचे दिवस.

मग मार्गशीर्षात वेणू बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. बाळंतिणीला शेक हवा, म्हणून पडवीतून उचलून मला तिच्या बाजेखाली ठेवलं.

त्या वर्षी थंडी फार होती. बदलापूरच्या डोंगरांकडून वारं सुटायचं आणि फळ्यांच्या फटींतून शीळ घालायचं. आनंदाने कणकेची खळ केली, फटींत कागद चिकटवले आणि खिडकीवर गोणपाट ठोकलं. पत्र्याखालची भोकं कौसाबाईने शेणमातीने बुजवली. “ऊब आत राहील आणि कोळसाही कमी लागेल,” आनंदा म्हणाला. कौसाबाईने दिवा घेऊन एकेका फळीशी धरला. ज्योत कुठेच हलली नाही, तेव्हा तिचं समाधान झालं.

त्या दिवसापासून खोलीला आवाज राहिला नाही. कोंबडा ओरडला तरी तो परगावातून ओरडल्यासारखा वाटायचा. माझे निखारे काळवंडू लागले. मला धाप लागायची.

वेणूचं डोकं दुखू लागलं. एकदा ती कोपऱ्याकडे बघत म्हणाली, “आत्याबाई, ती बाई कोण?”

“कुठली बाई?”

“भिंतीकडे तोंड करून उभी आहे. केस मोकळे आहेत तिचे.”

“सटवाई तर पाचवीला येऊन गेली,” कौसाबाई पुटपुटली. तिने वेणूच्या उशाखाली विळा ठेवला, माझ्यावर ओवा आणि शेपांची धुरी घातली आणि दाराच्या खालच्या फटीतही चिंधी कोंबली. दुसऱ्या दिवशी खुद्द तिलाच आत बसल्या बसल्या पत्र्यावर कोणीतरी चालल्याचं ऐकू आलं. तिने मला आणखी कोळसा घातला.

बाळ मात्र लालबुंद दिसत होतं. “बघ, ऊब कशी मानवली पोराला,” कौसाबाई म्हणाली. “रडतसुद्धा नाही. बापापेक्षा शहाणा आहे.”

वेणू हसली नाही. बाळ सकाळपासून अंगावर प्यायलं नव्हतं.

दुपारी कौसाबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती, दार ओढलेलं होतं. वेणूला दिसणारी ती बाई आता कोपऱ्यात नव्हती. बाजेशी येऊन ती बाळावर वाकली होती. वेणूने बाळाला हलवलं. त्याचा हात लोंबला. वेणूचे डोळे माझ्याकडे वळले. सकाळी राख काढायला मला पडवीत नेलं होतं, तेवढा वेळ तिचं डोकं हलकं झालं होतं आणि कोपरा रिकामा होता.

“हिच्याबरोबर येते ती,” वेणू म्हणाली.

पायांत बळ नव्हतं. ती बाजेवरून घसरली, गुडघ्यांवर सरकत पाण्याच्या कळशीपर्यंत गेली आणि सगळी कळशी तिने माझ्यावर ओतली. मी किंचाळल्यासारखा आवाज केला. माझी माती वरपासून खालपर्यंत तडकली.

कौसाबाई दार ढकलून आत आली. “डोकं फिरलं का तुझं? बाळंतिणीच्या खोलीत पाणी ओततात?”

“आत्याबाई, बाळाला बाहेर न्या.”

“या गारठ्यात? वारं लागेल त्याला.”

“लागू द्या. आत तो मरेल.”

कौसाबाई बाळाला पाहायला खाली वाकली आणि तिलाच गरगरलं. बाजेचा खूर धरून तिने स्वतःला सावरलं. बाळाला पदरात घेऊन ती पडवीही ओलांडून उघड्यावर गेली. “इंदे, सुनेला धर माझ्या,” तिची हाक आली. इंदुबाई धावत आली आणि वेणूला काखेत धरून बाहेर घेऊन गेली.

रिकाम्या खोलीत मी गार होत पडले होते. बाहेर वारं वाहत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने त्या वाऱ्यात बारीकसं, चिडकं रडणं उमटलं. “रड, माझ्या राजा, अजून रड,” कौसाबाई म्हणत होती आणि स्वतःही रडत होती.

संध्याकाळी आनंदा कामावरून आला तो बघतच राहिला. खिडकी सताड उघडी होती, गोणपाट अंगणात पडलं होतं.

“आई, थंडी आत येईल ना.”

“येऊ दे. गोधडी दुहेरी घ्या, कान बांधा. तुझा मुलगा आत्ता कुठे रडायला लागलाय.”

ती बाई पुन्हा कोणाला दिसली नाही. ती कोण होती, ते मला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, थंडीत घर जरूर बंदिस्त करा, ऊब जपा, कोळसा वाचवा. पण माझ्यासारखी कोणी आत पेटलेली असेल, तर एक खिडकी उघडी ठेवा. आम्हाला हवा लागतेच. ती बाहेरून आली नाही, तर निजलेल्या माणसांच्या वाट्याची आम्ही घेतो, बदल्यात न दिसणारा विषारी वायू सोडतो आणि त्यांना जाग येत नाही.