पंधरा अक्षरं

"कॅटलॉग कुणाचा भाऊबंद नसतो," असं शहाणी येताजाता ऐकवायची. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ती एकटीच. तिच्यासोबत दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी. कॅटलॉग म्हणजे डेटाबेसने स्वतःबद्दलच ठेवलेली नोंद. आपल्यात किती टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, आहेत, कुठल्या रकान्यात किती अक्षरं मावतात, शेवटचा हात कुणी लावला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. फक्त विचारता यायला हवं, आणि ते हिला यायचं. म्हणून तर वहिनीने तिचं नाव शहाणी ठेवलं होतं. ही नोकरीही वहिनीनेच, चार जणांकडे शब्द टाकून मिळवून दिलेली.

वहिनी तिथेच तिसऱ्या वॉर्डात सिस्टर होती. होती म्हणायचं, कारण सतरा दिवसांपूर्वी तिला घरी बसवलं.

झालं असं, की पायाची चिघळलेली जखम घेऊन एक शिंपीण भरती झाली. दुसऱ्या दिवशी तिला पेनिसिलिन टोचलं आणि अर्ध्या तासात बाई गेली. मागे दोन मुली. आपल्याला ते औषध चालत नाही, हे तिने भरती होतानाच वहिनीला सांगितलं होतं. वहिनी म्हणत होती, मी ते तसंच्या तसं टाइप केलं. पण केसपेपरच्या लेबलावर छापलं होतं, 'पेनिसिलिन चालत'. दुपारपाळीच्या डॉक्टरला वाटलं, अनुस्वार राहिला, 'चालतं' म्हणायचं असेल. चौकशीत प्रत्येकाने हात झटकले आणि खापर फुटलं वहिनीच्या डोक्यावर. उद्या दहाला शेवटची सुनावणी होती, आणि वहिनीचा परवानाच जाणार हे सगळे धरून चालले होते.

काल जेवताना वहिनीने ताट बाजूला सारलं. "खरं सांग शहाणे, मीच 'नाही' लिहायला विसरले असेन का गं?"

बावीस वर्षं सिस्टर असलेली बाई! शहाणीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. "काहीतरीच काय! तू लिहिलंयस. उद्या सोक्षमोक्ष लावते मी."

आज जेवणाच्या सुट्टीतही ती जागेवरून हलली नाही. टाइप करायची चौकट साठ अक्षरं घेते, हे तिने आधीच तपासलं होतं. म्हणजे कापाकापी आत कुठेतरी होत होती. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, तिचे कागद उंदरांनी खाल्लेले. राहिला कॅटलॉग. टेबल, रकाना, लांबी, शेवटचा बदल, बदल करणारा, अशी तिने यादी मागवली. रकाने दोनशेच्या वर होते. एकशे अठराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

टेबल लेबलांचं. रकाना औषध-सूचना. लांबी पंधरा.

"सापडलास रे मेल्या!" ती ओरडलीच. मग नजर पुढे सरकली. शेवटचा बदल चौदा महिन्यांपूर्वी. बदल करणारा म्हणून जे लॉगिन होतं, ते तिचं स्वतःचं.

मग आठवलं. लेबलावरचा मजकूर कडेबाहेर जातो म्हणून रेकॉर्डवाले साहेब डोक्यावर बसले होते. चहा निवत होता. एका हातात कप धरून तिने दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं होतं. पे-नि-सि-लि-न पाच, चा-ल-त तीन, ना-ही दोन. मधल्या दोन रिकाम्या जागा धरून बारा. पंधरा म्हणजे ऐसपैस! पण मशीन तिच्यासारखं बोटांवर मोजत नाही. ते प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरतं. त्याच्या हिशेबात ती एकोणीस होत होती. 'चालत' आणि पुढची रिकामी जागा, झाली पंधरा. 'नाही' बाहेर राहिलं.

तिने दार लोटून घेतलं. यादीतून 'बदल करणारा' हा शेवटचा रकाना वगळला की झालं, मागणीतला एक शब्द पुसायचा. वहिनी सुटेल, आपणही सुटू, बुडालेल्या कंपनीला कोण फासावर देणार? लाज वाटत होती, पण तिने तो शब्द पुसला. यादी पुन्हा आली, कशी स्वच्छ.

मग तिला राहवेना. बरोब्बर पंधरावर संपणाऱ्या सूचना किती, आणि त्यातले आत्ता भरती असलेले किती, असं तिने विचारलं.

भरती असलेले एक्केचाळीस.

तिने वाचायला सुरुवात केली. 'ॲस्पिरिन अजिबात'. पुढचं 'नको' गेलेलं. यादीत आणखी खाली, दुसरा वॉर्ड, खाट सात. 'सल्फाची गोळी दे'.

'देऊ नये' होतं ते. देवा रे! लांबी वाढवून कापलेलं परत येणार नव्हतं. खाटेखाटेशी जाऊन माणसांना पुन्हा विचारायला हवं होतं, आणि विचारायला गेलं की सगळे म्हणणार, का?

तिने पुसलेला शब्द परत टाइप केला, ती यादी आणि पेशंटची, दोन्ही छापायला लावल्या आणि फोन उचलला. आधी दुसऱ्या वॉर्डला, सातव्या खाटेला गोळी देऊ नका म्हणून. मग घरी.

"वहिनी, तू 'नाही' लिहिलं होतंस. ते कापलं गेलं, आत्ता भरती असलेल्या एक्केचाळीस पेशंटचंही तसंच."

पलीकडे वहिनी हमसून हमसून रडायला लागली. सतरा दिवसांचं रडू होतं, लवकर आवरेना. मग नाक ओढून तिने विचारलं, "मग कापलं कुणी गं ते?"

सांगायचं अक्षर एकच होतं. मशीनच्या हिशेबात दोन.

"मी."

वहिनी म्हणाली, "वॉर्डात जा आधी. त्या पेशंटना विचार, एकेकाला."

"वहिनी—"

"पेशंट आधी." फोन ठेवला गेला.

शहाणी पेशंटची यादी घेऊन जिना चढली. सातव्या खाटेवरच्या म्हातारीने गोळी अजून घेतली नव्हती, पाण्याची वाट बघत हातात धरून बसली होती. पुढे वहिनी कामावर परत आली, तिच्या तिसऱ्या वॉर्डात, त्याच टेबलाशी. शहाणीची नोकरी गेली, ती जायचीच होती. दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच पंगतीत जेवल्या. शहाणी म्हणून मात्र वहिनीने तिला पुन्हा कधी हाक मारली नाही.